केकची सजावट : पूर्वतयारी आणि कृती

वाढदिवशी पाटावर बसवून औक्षण करण्याची मराठी घरांतील रीत जुनी आहे. गेल्या काही दशकांत तिच्या शेजारी केक येऊन बसला. आज निरांजनाचे तबक आणि केकची ताटली एकाच टेबलावर दिसते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. घरी केक भाजणेही आता दुर्मीळ राहिलेले नाही. ओव्हन नसला तरी शिट्टी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये, तळाला मिठाचा थर देऊन, साधा केक चांगला भाजता येतो. अडचण येते ती त्यापुढे. केक चवीला उत्तम झालेला असतो. पण क्रीम लावताना त्याचा भुगा निघतो, क्रीम बाजूने घसरू लागते, नाव लिहिताना शेवटचे अक्षर कडेबाहेर जाते. पाहुणे येण्यास तासभर उरलेला असतो, साहित्यावर पैसे खर्च झालेले असतात आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे ते मूल ओट्याशी उभे राहून पाहत असते.

अशा वेळी ‘आपल्या हातात कला नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. नवशिक्याचा केक बिघडतो तो हातामुळे कमी आणि घाईमुळे व उष्णतेमुळे अधिक. केक किती थंड आहे, त्यावर कोणते आयसिंग निवडले आहे आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ दिला आहे, या तीन गोष्टींवर सजावटीचे यश नक्षीला हात घालण्यापूर्वीच ठरते. हाताची सवय तर अनेकांना आधीपासून असते. ज्याने मेंदीचा कोन धरला आहे, रांगोळीची रेघ ओढली आहे किंवा सोऱ्यातून चकली पाडली आहे, त्याला केकवरील नक्षी पूर्णपणे परकी नसते. आठ-दहा माणसांच्या घरगुती समारंभासाठी १५ सेंटिमीटर व्यासाचा गोल केक पुरेसा होतो. त्याची सजावट कशी करावी हे येथे टप्प्याटप्प्याने पाहू.

केक थंड करणे आणि सपाट करणे

भाजलेला केक सुमारे १० मिनिटे भांड्यातच ठेवावा आणि मग जाळीवर उपडा काढावा. वरून तो लवकर गार लागतो. परंतु मध्यभागातील ऊब बराच वेळ टिकते. तळव्याने केकचा तळ चाचपून पाहावा. किंचितही ऊब जाणवली तरी थांबावे. लोण्यातील आणि क्रीममधील स्निग्धांश ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो. कोमट केकवर लावलेले क्रीम आतल्या बाजूने पातळ होते आणि साऱ्या थरासह खाली सरकते. यासाठी केक आदल्या दिवशी संध्याकाळी भाजून, पूर्ण गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवणे सर्वांत सोयीचे. थंड केक घट्ट होतो, त्यामुळे कापताना त्याचा भुगाही कमी निघतो.

केकच्या वरच्या बाजूस मधोमध फुगवटा येतो. दातेरी सुरी आडवी धरून, करवतीसारखी मागेपुढे चालवत, तो कापून टाकावा. नंतर केक आडवा कापून त्याचे दोन थर करावेत. सुरीने थर वाकडे होत असतील तर मजबूत, स्वच्छ दोरा केकभोवती गुंडाळून त्याची टोके एकमेकांवरून विरुद्ध दिशांना ओढावीत. थर सरळ कापला जातो. थर रचताना भांड्याच्या तळाकडील बाजू वर येईल असे पाहावे, कारण ती आपोआप सपाट असते. कापलेला फुगवटा कुस्करून ठेवावा; पुढे बाजूंना लावण्यास तो उपयोगी पडतो.

२ मोठे चमचे साखर ४ मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून ते गार करावे. प्रत्येक थरावर यातील दोन-तीन चमचे साखरपाणी शिंपडल्यास केक मऊ राहतो. त्याहून अधिक पाणी घातल्यास खालचा थर चिखलासारखा होतो आणि वरचा भार पेलू शकत नाही.

आयसिंगची निवड

आयसिंग निवडताना चवीइतकाच हवामानाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यातील नागपूर, पावसाळ्यातील गोवा आणि जानेवारीतील दिल्ली या तीन ठिकाणी एकच क्रीम तीन प्रकारे वागते. घरी करता येण्याजोगे तीन प्रकार प्रचलित आहेत.

पहिला प्रकार बटरक्रीमचा. १५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, ३०० ग्रॅम पिठीसाखर, एक-दोन चमचे दूध आणि थोडा व्हॅनिला इसेन्स एवढे साहित्य या केकला पुरते. लोणी बोटाने दाबल्यास खळगा पडेल इतके मऊ असावे, वितळलेले नसावे. ते ४-५ मिनिटे फेटून फिकट झाल्यावर चाळलेली साखर दोन-तीन वेळा विभागून घालावी. साखर चाळण्याचा कंटाळा करू नये. एक लहानशी गुठळी पुढे कोनाच्या तोंडाशी अडकते आणि नक्षी बिघडवते. पावाला लावायचे नेहमीचे पिवळे बटर खारट असते, म्हणून ते या कामी घेऊ नये.

दुसरा प्रकार फेटलेल्या क्रीमचा. तो दिसायला सर्वांत हलका आणि करायला सर्वांत अवघड. फेटताना क्रीममध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि थंड स्निग्धांश त्यांना धरून ठेवतो. त्यामुळे क्रीम, भांडे आणि फेटणी तिन्ही थंड लागतात. पुडक्यात मिळणारे साधे ताजे क्रीम सुमारे २५ टक्के स्निग्धांशाचे असते व ते नीट उभे राहत नाही. यासाठी ३० टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाचे क्रीम लागते. फेटणी वर उचलल्यावर क्रीमचे टोक ताठ राहिले की लगेच थांबावे. त्यापुढेही फेटत राहिल्यास काय होते ते मराठी घरांतील प्रत्येकाला ठाऊक आहे : लोणी वर येते आणि पाणी सुटते. साय घुसळताना हवेसे वाटणारे तेच लोणी येथे नको असते. अनेक बेकऱ्यांतील पांढरेशुभ्र क्रीम वनस्पतिजन्य तेलापासून बनवलेले असते. ते उष्णतेत अधिक वेळ टिकते. मात्र त्याची चव दुधाच्या क्रीमहून वेगळी असते. विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी.

तिसरा प्रकार गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीम यांच्या मिश्रणाचा. थंड हवेत दोन्ही समान वजनाने घ्यावे. उन्हाळ्यात चॉकलेट क्रीमच्या दुप्पट, म्हणजे २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम, असे प्रमाण ठेवावे. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हलवू नये आणि मग मधून कडेकडे सावकाश ढवळावे. गार होता होता मिश्रण दाट होते आणि लोण्यासारखे पसरता येते. या कामी साधे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीमही चालते.

नवशिक्याने थंडीच्या दिवसांत बटरक्रीम आणि उकाड्यात गनाश निवडावे. यामागील कारण साधे आहे. हे दोन्ही प्रकार चूक सुधारू देतात. मऊ झाले तर थंड करता येतात, घट्ट झाले तर किंचित ऊब देता येते, वाकडे लागले तर खरवडून पुन्हा लावता येतात. अति फेटलेले क्रीम मात्र सहसा पूर्ववत होत नाही.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी आयसिंगचा आग्रह धरू नये. कोऱ्या कागदावर पान, फूल किंवा तारा काढून तो कापावा, कागद केकवर अलगद ठेवावा आणि गाळणीतून पिठीसाखर भुरभुरावी. कागद सरळ वर उचलला की पांढरी नक्षी उमटते. रांगोळीच्या छापाचीच ही रीत आहे. फक्त रांगोळीसाठी वापरलेला छाप येथे घेऊ नये, कारण त्याला दगडाची भुकटी चिकटलेली असते. साखर ओल शोषून घेते, म्हणून ही सजावट केक कापण्यापूर्वी थोडाच वेळ आधी करावी.

दोन हातांचे आयसिंग

भिंतीला रंग देताना आधी अस्तराचा हात दिला जातो. केकलाही तसेच करावे. दोन थरांच्या मध्ये आयसिंग पसरून ते एकमेकांवर ठेवावेत. मग संपूर्ण केकला अगदी पातळ पहिला हात द्यावा. त्यातून केकचा रंग दिसला तरी चालेल. सुटलेला भुगा या थरात अडकून राहावा, एवढाच त्याचा उद्देश असतो. केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर हा हात घट्ट होतो. त्यानंतर दुसरा, जाड हात दिला की तो स्वच्छ आणि एकसारखा बसतो. पहिल्या हाताच्या वेळी सुरीला लागलेले भुगामिश्रित आयसिंग मूळ भांड्यात पुन्हा बुडवू नये. त्यासाठी वेगळी वाटी ठेवावी.

फिरते स्टँड विकत घेण्याची घाई नको. केकची ताटली उपड्या वाटीवर किंवा पोळपाटावर ठेवून डाव्या हाताने हळूहळू फिरवावी आणि उजव्या हातातील सुरी स्थिर धरावी. सुरी जागेवर राहते आणि केक फिरतो, हे लक्षात ठेवल्यास बाजू गुळगुळीत होतात. शेवटी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कोरडी करून, पृष्ठभागावरून एकदाच फिरवावी. आयसिंग लावण्यापूर्वी केकच्या कडेखाली कागदाच्या पट्ट्या सरकवाव्यात. काम झाल्यावर त्या ओढून घेतल्या की ताटली स्वच्छ राहते.

कोन आणि नक्षी

बटर पेपरचा त्रिकोण गुंडाळून मेंदीच्या कोनासारखा कोन करता येतो. तो अर्धाच भरावा आणि वरचे तोंड पिळून बंद करावे. दाब वरून, तळव्याने द्यावा. दुसऱ्या हाताच्या बोटाने टोकाला केवळ दिशा दाखवावी. कोन मधेच दाबला तर क्रीम वरच्या तोंडातून बाहेर येते. हाताच्या उष्णतेने क्रीम मऊ पडते, म्हणूनही कोनात थोडेच भरणे बरे.

बाजारात मिळणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या नोझलमधून क्रीम सोडले की चकलीच्या काट्यांसारख्या धारा उमटतात. कोन सरळ उभा धरून दाबले तर फूल पडते. तिरका धरून दाबत मागे ओढले तर शिंपला पडतो. शिंपल्याला शिंपला जोडत गेले की केकची कड तयार होते. या साऱ्यांचा क्रम एकच आहे : दाबावे, दाब थांबवावा आणि मग कोन उचलावा. दाब न थांबवता कोन उचलल्यास फुलाला शेपूट येते. हा क्रम हातात बसण्यासाठी स्टीलच्या ताटाच्या पाठीवर वीस-पंचवीस फुले काढून पाहावीत. तेच क्रीम खरवडून पुन्हा कोनात भरता येते, त्यामुळे या सरावात साहित्य वाया जात नाही.

सगळा केक नक्षीने भरून टाकण्याचा मोह आवरावा. रांगोळी उठून दिसते ती तिच्याभोवतीच्या मोकळ्या जमिनीमुळे. कडेला एक ओळ, एका बाजूला तीन फुले आणि मधली जागा नावासाठी रिकामी, एवढी रचना पुरेशी होते. बाजू खडबडीत राहिली असेल तर तिला कुस्करलेला केक, भाजलेले खोबरे किंवा काजूची भरड लावावी. फळे लावायची असल्यास ती कापून, कापडाने टिपून कोरडी करावीत आणि अगदी शेवटी ठेवावीत. कच्चे अननस आणि किवी दुधाच्या क्रीमवर ठेवू नयेत. त्यांतील पाचक द्रव्ये दुधातील प्रथिने तोडतात आणि क्रीम कडू होते. अननस शिजवून घेतल्यास हा दोष राहत नाही.

देवनागरी अक्षरे

नाव लिहिणे हा सजावटीतील सर्वांत धास्तीचा भाग आहे. देवनागरी लिपीत लिहिताना काही गोष्टींचे भान ठेवावे लागते. या लिपीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार येतात. म्हणून ओळीच्या वर आणि खाली मोकळी जागा सोडावी लागते. आधी नावातील अक्षरे मोजावीत. ‘मृण्मयी’ या नावात तीन अक्षरे आहेत, म्हणून ‘ण्म’ हे मधले अक्षर केकच्या मध्यावर आले पाहिजे. टूथपिकने आयसिंगवर पुसट खुणा कराव्यात. चुकल्यास त्या सुरीने पुसता येतात. प्रथम अक्षरे काढावीत आणि शिरोरेषा शेवटी एका ओढीत द्यावी. अक्षरांची उंची थोडी कमीअधिक झाली असली तरी शिरोरेषा त्यांना एका ओळीत बांधून घेते.

१५ सेंटिमीटरच्या केकवर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढा मजकूर मावत नाही. मावला तरी अक्षरे इतकी बारीक होतात की जोडाक्षरांचा गोळा होतो. केवळ नाव लिहावे. शुभेच्छा लिहायच्याच असतील तर वेगळ्या कार्डावर लिहाव्यात. लिहिण्यापूर्वी नाव कागदावर लिहून घरच्या कोणाला तरी वाचण्यास द्यावे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कागदावर खोडता येते. केकवर ती पाहुण्यांसमोर येते आणि छायाचित्रात कायमची राहते.

सुरक्षिततेचे नियम

केक सुंदर दिसण्याआधी तो खाण्यास निर्धोक असला पाहिजे. भारतात खाद्यपदार्थांत मोजक्याच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा गुलाबी रंग त्यांत नाही. तो नमुन्यांत आढळल्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने ‘म्हातारीचे केस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साखरेच्या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून सुटा, पुडीत बांधून दिलेला रंग घेऊ नये. वेष्टनावर खाद्यरंग असा स्पष्ट उल्लेख आणि १४ अंकी परवाना क्रमांक आहे ना, ते पाहावे. घरच्या घरीही रंग मिळतात : बीटाचा रस आटवून गुलाबी, दुधात खललेल्या केशराने पिवळा आणि कोकोने तपकिरी. हे रंग थेंबाथेंबाने मिसळावेत, कारण पाणी वाढले की आयसिंग सैल होते.

खरी फुले ठेवताना विशेष जपावे. कण्हेरीचे फूल देखणे असते, परंतु त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. फुलबाजारातील गुलाबावर कीटकनाशके फवारलेली असू शकतात. घरच्या कुंडीतील, फवारणी न केलेल्या आणि धुऊन टिपलेल्या गुलाबपाकळ्या वापराव्यात. सजावटीत टाचण्या किंवा टूथपिकचे तुकडे ठेवू नयेत. मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचा फवारा उडवण्याची प्रथा अत्यंत धोक्याची आहे. त्या डब्यातील वायू पेट घेऊ शकतो आणि चेहरा भाजू शकतो.

दुधाच्या क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नये.

वेळेची आखणी

समारंभ संध्याकाळी ६ वाजता असेल तर काम आदल्या संध्याकाळी सुरू करावे. त्या दिवशी केक भाजून गार करावा. समारंभाच्या दिवशी सकाळी १० वाजता थर कापून पहिला हात द्यावा, ११ वाजता दुसरा हात द्यावा आणि केक पुन्हा थंड करावा. दुपारी ३ वाजता नक्षी आणि नाव काढावे. फळे ५ वाजल्यानंतर ठेवावीत. बटरक्रीम व गनाश थंडीने कडक होतात, म्हणून असा केक कापण्यापूर्वी सुमारे अर्धा तास बाहेर काढावा. फेटलेल्या क्रीमचा केक ऐन वेळी काढावा. ही आखणी सैल वाटते, परंतु मध्येच वीज गेली किंवा नाव पुन्हा लिहावे लागले तर हाच मोकळा वेळ कामी येतो.

घरगुती समारंभातील कौतुकातून पुढे शेजारपाजाऱ्यांकडून मागणी येऊ लागते आणि छंदाला उत्पन्नाची जोड मिळते. खाद्यपदार्थांची विक्री घरातून होत असली तरी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार तिची नोंदणी आवश्यक असते, हे अशा वेळी ध्यानात घ्यावे. विक्रीचा विचार नसला तरी प्रत्येक केकच्या वेळी हवा कशी होती, कोणते आयसिंग किती वेळ टिकले आणि कोणत्या टप्प्यावर घाई झाली, याची वहीत चार ओळींची नोंद ठेवावी. पुढच्या वाढदिवसाला हीच वही पहिल्यांदा उघडली जाते.